पोचले. ऊन आहे.

सेनगाव, जि. हिंगोली
४ डिसेंबर २०२४

चि. साक्षीस,
जयभीम.

हसू नकोस. फोनवर बोलणं आता माझ्याच्यानं होत न्हाई. परवा तू आर्धा घंटा बोललीस, त्यातलं मला 'बाबा' आणि 'ठेवते' एवढंच कळलं. मधलं सगळं कानातल्या मशीननं शिटी मारून खाल्लं. तुझी आई बाजूला बसून 'व्हय माय, व्हय माय' करून राहिली होती आणि मी येड्यावानी मान हलवत होतो. नंतर तिला इचारलं, काय म्हणली पोरगी? तर म्हणे, 'मजेत हाय.' आर्धा घंटा बोलून एवढंच?

म्हणून ठरवलं, आता लिहायचं. मोबाइलवर मराठी लिहिता येतं मला, एका बोटानं. तूबी लिही.

खरं कारण सांगतो. मला तुझ्या रस्त्याची लै भीती वाटून राहिली. तू रोज सकाळी पोर्ट हॅलनहून मिलगेटला एकटी गाडी चालवत जातीस, तिथल्या म्हाताऱ्यांना घरोघर जाऊन आंघोळ घालायला, जेवू घालायला. तीस किलोमीटर, आणि बाजूला समुद्राएवढं तळं. मी जन्मभर सरकारी नोकरीत रोज सकाळी पाऊस मोजला, तो सेनगावचा. तुझ्याकडच्या बर्फातलं मला काय कळतं? म्हणून शिकायला लागलो. तुमच्या त्या किनाऱ्यावरच्या लोकांचं फेसबुकवर एक मंडळ हाय. कुठं किती बर्फ पडला, वारा कुठला, रस्ता चालू का बंद, हेच दिवसभर. आपल्यासारखीच आभाळयेडी माणसं. मी त्यात शिरलोय. घेताना गाव इचारलं, मी पोर्ट हॅलन टाकलं. सेनगाव टाकलं असतं तर दारातच उभं केलं असतं.

त्यांच्याकडून एक कळलं. तळ्याचं पाणी अजून कोमट असतं, वरून गार वारा येतो, वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर एका पट्ट्यात सगळं ओतून देतो. स्नो स्क्वॉल म्हणतात. मी त्याला बर्फाचं वावधान म्हणतो. पट्टा चिंचोळा असतो. इकडं ऊन आणि चार कोसावर डोळ्यांपुढं हात दिसत न्हाई. आपल्याकडं नर्सीला धो धो आणि सेनगावात धूळ उडते, तसंच.

तर माझं एकच मागणं. मिलगेटला पोचलीस की दोन ओळी टाकत जा. आभाळ कसं, रस्ता कसा. तुझी सकाळ म्हणजे माझी दिवेलागण. त्या दोन ओळी आल्या की मी जेवायला बसंन.

तुझा,
बाबा


पोर्ट हॅलन
८ डिसेंबर २०२४

बाबा, जयभीम.

हसले. सॉरी, पण लै हसले. माझे बाबा पोर्ट हॅलनचे रहिवासी! मतदार यादीत नाव आलं की कळवा.

तुम्ही उगाच जीव जाळता. मी इथं दोन वर्षांपासून आहे, हा काही पहिला हिवाळा नाही. गाडीला बर्फाचे टायर आहेत. रस्ता साफ करणाऱ्या मोठ्या गाड्या पहाटेपासून फिरतात. बर्फ पडतो तो पण काय, कापूस पिंजल्यासारखा. सकाळी ऊन पडलं की सगळं चमकतं. आईला म्हणावं, तिनं एकदा पाहायला पाहिजे.

कामही चांगलं आहे. मिलगेटच्या एका आजीला मी 'साशी' वाटते, एकाला 'सॅकी'. एकानं मला वरण करायला लावलं आणि साखर टाकून खाल्लं.

रोज दोन ओळी टाकीन. व्हॉट्सॲपवर टाकते, म्हणजे लगेच मिळतील. तुम्ही मात्र वेळेवर जेवा आणि बीपीची गोळी चुकवू नका. हुरडा सुरू झाला का? माझ्या वाटचा मोहियोद्दीनकाकांना द्या.

तुमची,
साक्षी


सेनगाव
२२ डिसेंबर २०२४

चि. साक्षीस,
जयभीम.

तुझ्या दोन ओळी रोज बराबर येऊन राहिल्या. 'पोचले. ऊन आहे. रस्ता मोकळा.' वाचलं की छातीवरचं ओझं उतरतं. आई म्हणते, तुमचं जेवण आता कॅनडाच्या हवामानावर चालतं. पण एक सांगू? मंडळातली माणसं वावधान, वावधान करून ओरडत असतात आणि तुझ्याकडं रोज ऊन. नशीबवान रस्ता हाय तुझा. पट्टा बाजूनं जात असंल.

आता गंमत ऐक. मंडळात वॉल्टर नावाचे एक गृहस्थ हाईत. तुझ्याच गावचे. पंचाहत्तरीच्या पुढचे. पूर्वी बर्फ काढायची गाडी चालवायचे. त्यांची बायको, एडिथ नाव, मिलगेटच्या वृद्धाश्रमात हाय. तिला काही आठवत न्हाई, पण दुपारचं जेवण ती ह्यांच्याच हातचं घेते. दुसऱ्या कुणी चमचा पुढं केला तर तोंड मिटते. म्हणून हा माणूस रोज त्या रस्त्यानं जातो. निघायच्या आधी मंडळात इचारतो, 'मिलगेटकडून कुणी आलंय का? कसं आहे?' कारण हे ढग लै खाली असतात, रडारला दिसत न्हाईत. तिथं असलेल्या माणसाचा डोळाच पाहिजे.

परवा कुणीच उत्तर देईना. बिचारा तीनदा इचारून राहिला. मग मी तुझ्या ओळी इंग्रजीत करून टाकल्या. 'मिलगेट, ऊन, रस्ता मोकळा.' तो गेला, जेवू घालून आला आणि मला लिहिलं, 'थँक यू, नेबर.' शेजारी म्हणला मला! मी मोहियोद्दीनच्या पत्र्याच्या दुकानात जाऊन त्याला वाचून दाखवलं. तो चहा सोडून माझ्याकडं बघत बसला. म्हणला, 'मियाँ, उनका आभाळ उनको देखने दे. तू यहाँ का देख.' जळतो, दुसरं काय.

आता रोज टाकतो. वॉल्टर वाट पाहत असतात. इतक्या वर्षांनी माझी नोंद कुणाच्या तरी कामी येऊन राहिली.

बाबा


पोर्ट हॅलन
२९ डिसेंबर २०२४

बाबा,

तुमचं पत्र कामावर वाचलं आणि हातातला चहा सांडला.

माझ्या ओळी मंडळात टाकू नका. प्लीज. त्या तुमच्यासाठी आहेत. मी काही हवामान खात्याची माणूस नाही, घाईत लिहिते, इकडं तिकडं होऊ शकतं. मी सकाळी जाते तेव्हा एक असतं, वॉल्टरकाका निघतात तेव्हा दुसरं. तुम्हीच तर लिहिलं, चार कोसावर बदलतं म्हणून.

आणि मोहियोद्दीनकाका बराबर बोलले. तुम्ही इथं नाही, बाबा. ते सांगून टाका त्यांना.

माझी गाडी दोन दिवस गॅरेजला होती म्हणून मैत्रिणीच्या गाडीनं गेले. ऑइल बदलायचं होतं, काही विशेष नाही. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही भलतं काहीतरी घेऊन बसाल.

टाकणार नाही ना? मला तसं लिहून कळवा. आई कशी आहे? तिला म्हणावं, तिनं सांगितलेलं लक्षात आहे.

साक्षी


सेनगाव
१४ जानेवारी २०२५

साक्षी,

मागच्या पत्राचं उत्तर दिलं न्हाई. राग आला होता. आता राग गेला, भीती हाय नुसती. चुकलं तर समजून घे.

वॉल्टर सापडत न्हाईत. काल सकाळी घरून निघाले ते मिलगेटला पोचलेच न्हाईत. मंडळात सगळे शोधून राहिलेत. किनाऱ्याच्या रस्त्यावर वावधानाचा पट्टा दिवसभर बसला होता, पोलिसांनी दुपारी रस्ता बंद केला, असं लोक लिहितात. आणि त्याच्या खाली माझं लिहिलेलं आहे. 'मिलगेट, ऊन, रस्ता मोकळा.' तू पाठवलंस तेच. तू नको म्हणली होतीस, पण त्यांनी माझं नाव घेऊन इचारलं. 'नेबर, मिलगेट कसं आहे?' मी काय करणार होतो? माणूस इचारतो, माहिती हाय, आणि गप्प बसायचं?

लोक मला शिव्या घालून राहिलेत. एक बाई म्हणते, मी सकाळपासून मिलगेटला आहे, इथं ऊन नव्हतंच, कोण आहे हा माणूस? मीबी ऐकून घेतलं न्हाई. लिहिलं, माझी लेक रोज त्या रस्त्यानं जाते, ती तिथं उभी होती, तिच्या डोळ्यांपेक्षा तुमचं खरं काहून मानू? चोराच्या उलट्या बोंबा. आपण पाहायचं न्हाई आणि दुसऱ्याला खोटं पाडायचं.

तू एक काम कर. काल सकाळचा एखादा फोटो असंल तर लगेच पाठव. तुला फोटो काढायची सवय हाय. उन्हाचा, रस्त्याचा, कसलाबी. तो टाकला की तोंडं बंद होतील. माझं जाऊ दे, तुला खोटं म्हणतात ते मला सहन होत न्हाई.

आणि वॉल्टरांचं काही कळलं तर आधी ते कळव. सकाळपासून जेवलो न्हाई. आईनं ताट दोनदा वाढलं.

बाबा


पोर्ट हॅलन
१४ जानेवारी २०२५, संध्याकाळ

बाबा,

आधी तेच. वॉल्टर सापडले. जिवंत आहेत. गाडी रस्त्याच्या कडेला चारीत गेली होती, वरून बर्फानं झाकून टाकली. रात्रभर आत होते. आज उजाडल्यावर बर्फ काढणाऱ्या गाडीला दिसले. दवाखान्यात आहेत. उजव्या हाताची बोटं गोठलीत, डॉक्टर काही बोलत नाहीत.

फोटो नाही, बाबा. कारण ऊन नव्हतं.

मी मिलगेटला पोचलेच नव्हते. अर्ध्या रस्त्यात एका पेट्रोल पंपाच्या भिंतीला गाडी लावून बसले होते. काचेपुढं पांढरं दिसतं असं लोक सांगतात, तसं पण नव्हतं. काहीच नव्हतं. गाडीचं बॉनेट दिसत नव्हतं. वाऱ्यानं गाडी हलत होती आणि मी स्टिअरिंग धरून रडत होते. तेवढ्यात घड्याळ पाहिलं. तुमची जेवायची वेळ झाली होती. तुम्ही फोन घेऊन बसले असणार. म्हणून लिहिलं. पोचले, ऊन आहे, रस्ता मोकळा. रोज जे लिहिते तेच बोटांनी लिहून टाकलं. मग परत रडले.

रोजच, बाबा. सगळंच खोटं होतं असं नाही, काही दिवस खरंच ऊन असायचं. पण नसलं तरी मी तेच लिहायची. डिसेंबरात गाडी गॅरेजला होती ती ऑइलसाठी नव्हती. गाडी गोल फिरून खांबावर गेली होती. मला काही झालं नाही, दार चेपलं. तुम्ही म्हणालात, नशीबवान रस्ता आहे तुझा. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

आईला बोलू नका, पण तिनंच सांगितलं होतं. मी विमानात बसायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाली, बापाला चांगलंच कळवत जा, त्याचं काळीज पाण्याचं आहे, इतक्या लांबून तो काय करणार, नुसता झुरणार. आपल्याकडं सगळे असंच करतात ना? बाहेरगावी गेलेलं लेकरू 'मजेत आहे' यापेक्षा दुसरं काय लिहितं? मला वाटलं, ह्यात कुणाचं काय जातं.

मी तुम्हाला खोटं लिहिलं. तुम्ही ते खरं म्हणून पुढं दिलंत. आणि तो म्हातारा माणूस बायकोला जेवू घालायला निघाला.

मला लै भीती वाटते, बाबा.

साक्षी


सेनगाव
२१ जानेवारी २०२५

साक्षी,

आठवडा लागला. इतके दिवस तुझं पत्र उघडायचो आणि परत बंद करायचो.

तुझ्या आईला बोललो. लै बोललो. ती एवढंच म्हणली, 'झाकली मूठ सव्वा लाखाची, मला वाटलं पोरीची मूठ झाकलेली बरी.' मग चुलीपाशी जाऊन बसली.

पण मी कुणाला काय बोलणार? नोकरीत असताना आमच्याकडं वसराम नावाचा एक जण होता. पावसाचं माप बघायला तो जायचाच न्हाई. घरी पलंगावर बसून, खिडकीतून बघून आकडा भरायचा. मी त्याला चार माणसांत झापलं होतं, 'आभाळ तुझ्या बापाचं हाय का रे?' बदली होईस्तोवर तो माझ्याशी बोलला न्हाई. आणि मी काय केलं? सेनगावात पलंगावर बसून कॅनडाचं ऊन भरलं. तू नको म्हणल्यावरबी भरलं. थँक यू नेबर वाचायला गोड लागत होतं म्हणून.

मोहियोद्दीनला सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणंल, मी सांगितलं होतं. तसं काही म्हणला न्हाई. दुकानाचं शटर आर्धं ओढलं आणि बाजूला बसला. दोघांनी मिळून मंडळात लिहिलं. मी पोर्ट हॅलनचा न्हाई, भारतातल्या हिंगोली जिल्ह्यातला, बर्फ मी कधी डोळ्यांनी पाहिला न्हाई, जे पाहिलं न्हाई ते लिहिलं, माझ्यामुळं झालं. तुझं नाव घातलं न्हाई. लोकांनी जे लिहायचं ते लिहिलं. बरोबरच लिहिलं. संध्याकाळी मला मंडळातून काढून टाकलं.

आता ऐक. मिलगेटचं काम सोड. गावातच काही मिळतं का बघ. न्हाई तर परत ये, हिंगोलीत दवाखाने काय कमी हाईत का? पण त्या रस्त्यावर आता जायचं न्हाई. मी बाप म्हणून सांगून राहिलो.

आणि रोजच्या ओळी बंद कर. तू ऊन लिहिलंस तर मला वादळ दिसतं. पोचले लिहिलंस तर वाटतं गाडी चारीत हाय. मला आता तुझं काहीच खरं वाटत न्हाई, साक्षी. हे लिहिताना माझं काय होऊन राहिलं ते तुला कळणार न्हाई.

बाबा


पोर्ट हॅलन
९ फेब्रुवारी २०२५

बाबा, जयभीम.

तुम्ही सांगितलं म्हणून ओळी बंद ठेवल्या. पण हे पत्र लिहायचंच होतं. ह्यात एक शब्द गोड नाही, तेव्हा खरं आहे असं धरून वाचा.

काम बदललं. पोर्ट हॅलनमध्येच मिळालं, चालत जाते. पगार कमी आहे. मिलगेटचा रस्ता मला आता लागत नाही. तुम्हाला हवं होतं तसंच झालं.

वॉल्टरांना भेटायला गेले होते. कोण आहे ते सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मी अर्धा तास उभी राहिले आणि परत आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा नर्सनं सांगितलं, दोन बोटं काढली. धुराच्या नळीवरचा बर्फ हातमोजा काढून उकरत होते, गाडीत धूर भरू नये म्हणून. त्यानंच वाचले आणि त्यानंच बोटं गेली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते घरी आले होते. दार उघडलं, आत ये म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, 'एडिथला कोण भरवतं?'

मी मिलगेटच्या वृद्धाश्रमाला फोन करून विचारलं होतं. कुणीच नाही, बाबा. ती खात नाही. सलाईन लावतात, ती उपसून टाकते. वजन लै उतरलंय. मी ते त्यांना जसंच्या तसं सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, तोंडावर आलं पण होतं, 'बरी आहे' म्हणून. नाही बोलले. ते दाराला धरून खाली बसले.

त्यांना आता गाडी चालवता येत नाही. मुलगा लांब असतो. बाकीचे दिवस गावातला कुणी ना कुणी आता नेईल, पण रविवारी कुणीच मोकळं नसतं. म्हणून रविवारी मी नेणार आहे. त्याच रस्त्यानं. मी विचारलं, चालेल का. ते म्हणाले, 'तुला चालवता येतं का?' मी म्हणाले, 'बर्फात नीट नाही. भीती वाटते.' ते म्हणाले, 'मग ठीक आहे.'

तुम्ही रागवाल. परवानगी मागत नाही, पण तुमच्या माघारी जायचं नाही, म्हणून लिहिलं. येत्या रविवारपासून.

साक्षी


सेनगाव
१३ फेब्रुवारी

माझी बाय साक्षी,

मी मिना, तुझी आई. तुझा बाप लिहीत न्हाई म्हणून मी लिहून राहिले. किती वर्षांनी लिहिते ते मलाच ठाव न्हाई, हसू नको.

तुझं पत्र वाचलं आन तुझा बाप उठून शेताकडं निघून गेला. लोक हळद शिजवून राहिलेत, त्या धुरात उभा होता. मी मागं गेले. मला म्हणला, 'जातीच हाय ती. पुन्हा त्याच रस्त्यानं.' आन डोळे पुसले. म्हणला, धूर लागला.

मी तुला सांगितलं ते चुकलं माय. मला वाटलं, बापाचं काळीज राखावं. त्याचं काळीज राखायला मी त्याला आंधळं केलं. तूबी एकटी रडली आन आमाला हिकडं ऊन. आईनं असं शिकवावं का? माझ्या जिवाला लै लागलं.

त्या बाईचं ऐकून घास उतरंना. आपल्या माणसाच्या हातचंच खाती. तू ने त्याला. बापाचं मी बघते. पर आता मला बी खरं लिही. त्याला लिहिशील तेच मला. मला येगळं लिहू नको.

तुझी आई


पोर्ट हॅलन
२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

बाबा,

मागचा रविवार नीट झाला. जाऊन आलो. एडिथ आजींनी चार चमचे खाल्ले. डाव्या हातानं भरवताना वॉल्टरांचा हात हलतो, अर्धं सांडतं, मी रुमाल धरला. येताना रस्त्यात एका ठिकाणी मला घाम फुटला, वॉल्टर म्हणाले, हळू. बास.

आज वाईट आहे. वारा पश्चिमेचा, तळ्यावरनं सरळ. पहाटे इथं गावात चांदणं होतं, पण किनाऱ्याच्या बाजूनं भिंतीसारखं काळं उभं होतं. वॉल्टर बूट घालून माझ्या दारात येऊन बसले. मी गाडी काढली. गावाबाहेरच्या चौकापर्यंत गेलो आणि पुढं रस्ताच नव्हता. एक मिनिट थांबले. ते म्हणत होते, चल, पट्टा चिंचोळा असतो, पलीकडं ऊन असंल. एडिथ उपाशी राहील म्हणाले. मला ओरडले पण.

मी गाडी वळवली. त्यांना घरी आणलं. ते स्वयंपाकघरात बसलेत, माझ्याशी बोलत नाहीत. मिलगेटला फोन केला, एडिथ आजी जेवल्या नाहीत. माझे हात अजून थरथरतात. मी चूक केली का बरोबर केलं, मला माहीत नाही.

हे आत्ता घडतंय ते आत्ता लिहिते. तुम्ही उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

साक्षी


सेनगाव
२४ फेब्रुवारी २०२५

चि. साक्षीस,
जयभीम.

तुझं कालचं पत्र रात्री उशिरा आलं. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'पुढं रस्ताच नव्हता' इथं मी फोन तिच्या हातात दिला, पुढचं तिनं वाचलं.

तू गाडी वळवलीस ते चूक का बरोबर, मी सेनगावात बसून सांगणार न्हाई. मी तिथं नव्हतो. एवढं आता शिकलोय. वॉल्टरांना राग येणार, त्यांचं माणूस उपाशी हाय. येऊ दे. त्यांना चहा करून दे आणि गप्प शेजारी बस. मोहियोद्दीन माझ्यापाशी बसला होता तसा.

रविवारी जात जा. माझ्या मनात न्हाई, तरीबी जा. आपल्यामुळं त्या बाईचा घास तुटला, तो आपण जोडायचा. मी तुला थांबवलं तर उद्या मला जेवण जाणार न्हाई. मला भीती वाटते, ती वाटणारच. ती काही तुझ्या दोन ओळींनी जाणार नव्हती. मला उगाच वाटायचं, जाते म्हणून.

एक सांगायचं राहिलं. डिसेंबरभर तू मला ऊन पाठवलंस आणि मी रोज जेवलो, पण रात्री उठून बसायचो. आईला इचार. काहून ते मलाबी कळत नव्हतं. काल तू वादळ पाठवलंस, थरथरणारे हात पाठवलेस. ते वाचून मी आडवा झालो आणि थेट सकाळी कोंबडा आरवल्यावर जाग आली. आई म्हणली, किती महिन्यांनी घोरलात.

वाईट असंल तर आधी लिहीत जा.

तुझा,
बाबा